माळ्यावरची जागा

विषुववृत्ताखालच्या त्या बेटावर पावसाळा डिसेंबरात आणि कोरडा हंगाम जूनअखेरीपासून; त्या वर्षी कोरडं वारं महिनाभर आधीच सुटलं. मे सरता सरताच चहाच्या मळ्यातल्या वाटांवर धूळ उडायला लागली आणि डोंगराच्या अंगावरची झुडपं कुणी वरून पीठ भुरभुरल्यासारखी पांढुरकी दिसायला लागली. कोवळं पान फुटायचं थांबलं की कारखाना कामावरची माणसं घटवतो. आधी तोडणीच्या बायका कमी करतात, मग निवडणीच्या. लास्मिनीने असे एकोणीस कोरडे हंगाम निवडणीच्या मेजावर बसून काढले होते, आणि एकदाही तिला कुणी घरी बसवलं नव्हतं. तिचा हातच तसा होता.

निवडणी म्हणजे तयार काळ्या चहातून देठ, काड्या आणि लालसर दोरे वेचून काढायचे. सकाळी सहा ते दुपारी दोन मान खाली. लास्मिनीने उजव्या अंगठ्याचं नख त्यासाठी राखलं होतं, आणि ते नख बारा महिने काळं असायचं. नाक शिंकरलं की रुमालही काळा. चाळिशीतच मान अशी धरायची की नमाजाच्या शेवटी सलाम फिरवताना ती मानेऐवजी खांदाच वळवायची. घरी चुलीवर मक्याचा भात चढवला तरी दाण्यांत तिला काड्या दिसायच्या.

"माझं झालं ते झालं," ती नवऱ्याला म्हणायची, "पोर त्या मेजावर न्हाई बसायची."

नवरा दार्जो शेळ्यांसाठी रानातून गवताचे भारे आणायचा आणि भाऱ्यांइतकंच मोजकं बोलायचा. "नको बसायला," एवढंच म्हणायचा.

लास्मिनीचं लक्ष कारखान्याच्या माळ्यावर होतं. सगळ्यात वरच्या मजल्यावर लांबलचक खणांत ओली पानं पसरतात, खालून वारा सोडतात आणि रात्रभर पान मलूल होऊ देतात. पान कुठवर आलं हे माळ्यावरचा माणूस मूठ दाबून ओळखतो. तो चुकला तर पुढचं एकही यंत्र तो चहा सुधारू शकत नाही. म्हणून त्याला पगार महिन्याचा, पान असो नसो. आजवर माळ्यावर बाई चढली नव्हती, पण लास्मिनीला डोळे मिटले की तिथे आपली विगाती दिसायची.

विगाती सतरा वर्षांची, खालच्या गावच्या शेतकी शाळेत शेवटच्या वर्षाला. त्या वर्षी पोरांना सहा महिने कारखान्यात उमेदवारी करावी लागते, त्याशिवाय शाळेचा दाखला मिळत नाही. उमेदवारीचं सगळं बघणारे मास्तर म्हणजे विदादी, याच गावचा पोरगा. त्याची आई आजारी होती तेव्हा दोन वर्षं तो लास्मिनीच्या चुलीपुढे जेवला होता. एप्रिलमध्ये तो मुद्दाम घरी येऊन गेला.

"बू, काळजी सोडा," तो म्हणाला. बू म्हणजे तिकडे आईच्या वयाच्या किंवा मानाच्या बाईला हाक, तशीच पुरुषाला पाक. "दोन महिने माळा, दोन महिने यंत्रं, दोन महिने निवडणी. पोर सगळं शिकून बाहेर पडेल."

तो जेवूनही गेला. टेम्पेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, तळलेले तुकडे त्याला लहानपणापासून आवडायचे, ते लास्मिनीने पुन्हा पुन्हा वाढले.

त्या भागात पोर कुणाच्या हाताखाली द्यायची तर आधी त्याच्या घरी जाऊन ती रीतसर सोपवावी लागते. जूनच्या शेवटी लास्मिनी एक कोंबडी आणि केळ्यांची फणी घेऊन निवडणीचा मुकादम हार्सोयो याच्या दारात गेली; उमेदवार पोरं त्याच्याच हाताखाली यायची होती. वाटेत तिने एक वाक्य घोकलं होतं: एवढं करा, हिला माळ्यावर घाला. पण ओसरीवर गुडघे मोडून बसली आणि तोंडातून रीतीचं बोलणंच बाहेर पडलं.

"पाक हार्सोयो, पोर तुमच्या पदरात टाकतीय. काय पडंल ते काम सांगा. चुकली तर रागवा, आपलीच समजा."

हे सगळेच म्हणतात. म्हणणाऱ्याच्या मनात तेवढं नसतं आणि ऐकणाराही ते तेवढं धरत नाही. पण एकदा हे म्हटल्यावर मागून अट जोडायची म्हणजे केळी देऊन साली परत मागण्यासारखं. लास्मिनीला ते जमलं नाही. घोकलेलं वाक्य तिने तसंच गिळलं आणि पाठ न दाखवता मागे सरकत उठली.

जुलैच्या पहिल्या सोमवारी बारा पोरं आली. दारावर शाळेचं नाव छापलेला कापडी फलक लागला, त्याखाली फोटो निघाले, विदादी मास्तर बोलले, मुकादम बोलला. मग फलक उतरला आणि पोरांना निवडणीच्या खोलीत आणून उभं केलं.

"आधी पंधरा दिवस निवडणी," हार्सोयो म्हणाला. "डोळा तयार झाल्याशिवाय माळ्यावर काय दिसणार? बू लास, तुमच्यासारखा हात या कारखान्यात दुसरा नाही. पोरांना तुम्हीच शिकवा."

लास्मिनीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एकोणीस वर्षांत तिला कुणी काही शिकवायला सांगितलं नव्हतं.

तिने जीव ओतून शिकवलं. काडी शोधायची नाही, काळ्यावर नजर सैल सोडायची, काडी आपणहून दिसते. डाव्या हाताने चहा पातळ पसरायचा, उजव्याने उचलायचं, आणि उचललेलं टाकताना मान वळवायची नाही. श्वास नाकाने, हळू, नाहीतर भुकटी उडते. हात भरून आले तर बोटं पाण्यात घालायची नाहीत, काखेत धरायची. एका पोराला रडू फुटलं तर तिने आपल्या डब्यातली सुकी मासळी त्याच्या भातावर घातली.

मेजाच्या टोकाला म्हातारी सिनेम बसायची. ती लास्मिनीच्याही आधीची, सगळ्या तिला म्बोक, म्हणजे म्हातारी आई, म्हणायच्या.

"मास्तरीणबाई," ती खाली मान घालूनच म्हणाली, "सगळं नका शिकवू. गरज सरो, वैद्य मरो."

"म्बोक सिनेम, पोरं हायती ती. पंधरा दिसांत वर जातील."

"व्हय, जातील. मी बी पंधरा दिसांसाठीच आल्ते हितं. त्याला बत्तीस वर्षं झाली."

बायका हसल्या, लास्मिनीही हसली. विगाती हसली नाही. बारा जणांत तिचा हात सगळ्यात आधी बसला, पण आईने जवळ येऊन काही दाखवलं की ती नजर वर करत नसे. पोर लाजतेय, लास्मिनीला वाटलं.

पंधरा दिवसांचा महिना झाला. लास्मिनीने पहिल्यांदा विचारलं ते फाटकापर्यंत मागे धावत जाऊन. हार्सोयोने मोटारसायकलचं इंजिनसुद्धा बंद केलं नाही.

"तुम्हीच म्हणालात ना बू, काय पडेल ते काम सांगा? मग सांगतोय."

ऑगस्टमध्ये दुसऱ्यांदा विचारलं. तेव्हा तो म्हणाला, माळ्यावरच्या तुगिमिनलाच पोरं नको आहेत, म्हाताऱ्याच्या पायात येतात. तिसऱ्यांदा ती कचेरीच्या दारात उभी राहिली. आत पाहुणे होते. हार्सोयोने तिच्याकडे बघून नुसतं बोट वर केलं, थांब म्हणून. तासाभराने बाहेर येऊन म्हणाला, "बरं झालं थांबलात, आतले कप धुऊन टाका." तिने कप धुतले. विचारायचं राहूनच गेलं. घरी येऊन तिने हे विगातीला सांगितलं, अगदी कपांसकट.

"कशाला गेलीस?" विगाती एवढंच म्हणाली आणि वही उघडून बसली. उमेदवारीची वही रोज भरावी लागायची, खाली मुकादमाची सही.

"तुझ्यासाठी गेले, अजून कुणासाठी?"

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पानांच्या गाड्या दिवसाला दोनवर आल्या. शनिवारी सुटीच्या वेळी हार्सोयो कागद घेऊन आला. निवडणीच्या नऊ बायकांपैकी सात नावं वाचली. पाचवं सिनेमचं होतं, सातवं लास्मिनीचं.

"पाऊस लागेपर्यंत आराम करा," तो म्हणाला. "तुम्ही पोरांना इतकं चांगलं तयार केलंय की काही अडणार नाही."

त्याने हे कौतुकाने म्हटलं, यात त्याला काही वावगं वाटलंच नाही. लास्मिनीला मात्र कुणीतरी भर बाजारात डोक्यावरचा रुमाल ओढल्यासारखं झालं. बारा पोरं, बिनपगारी. नऊ बायकांचं काम तीन महिन्यांत त्यांच्या बोटांत तिनेच घातलं होतं. आपल्याच हाताने आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता, आणि तोही हौसेने.

सिनेम तिच्या बरोबरीने फाटकापर्यंत चालली. फाटकात थांबली. "तुला शिव्या द्यायच्या हुत्या वाटंभर. पर तुझी पोर बी त्यातच हाय, म्हून सोडलं," ती म्हणाली आणि आपल्या वाटेने गेली.

सोमवारपासून विगाती पहाटे उठून एकटी कारखान्यात जायची आणि आईच्या जागेवर बसायची. खिडकीकडची जागा, उजेड चांगला. हार्सोयोनेच तिला तिथे बसवलं. लास्मिनी वरच्या उतारावर कोबीच्या वाफ्यांना पाणी घालायच्या कामाला लागली. खांद्यावर कावड, दोन्हीकडे पत्र्याचे डबे, ओढ्यापासून वाफ्यापर्यंत ऐंशी पावलं चढ. दुसऱ्या दिवशी खांद्याची साल गेली. दार्जोने रात्री त्यावर खोबरेल चोळलं.

"पोरीला काढून घिऊ का?" त्याने विचारलं.

"मग दाखला? बारा वर्षांची शाळा पाण्यात. न्हाई. आता तर तिला माळ्यावर चढवल्याबिगर मी गप बसत न्हाई."

आता गमवायला तिच्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. त्या रविवारी ती सरळ तुगिमिनच्या घरी गेली. म्हातारा अंगणात बांबूच्या कामट्यांचं खुराडं विणत बसला होता.

"पाक तुगिमिन, तुमाला पोरं नको हायती म्हनं?"

"कोन म्हनलं?" त्याने कामटी खाली ठेवली. "दोन वर्षांत मी जानार. माझ्यामागं मूठ वळखनारं कोनी न्हाई. मी सोताहून तीन पोरं मागितली हुती. तीनच, पर पुरी सहा महिनं. एकेकाला एकेक खण देनार हुतो. शिकवायचं म्हंजी चुकू द्यायचं, बू. बिघडला एखादा खण तर बिघडला. साहेब तयार हुतं त्याला."

"मग?"

"मग शाळा म्हनली, तीन नको, बारा घ्या. बारा माळ्यावर कुटं मावत्यात? तवा हार्सोयो म्हनला, बाराच्या बारा निवडणीला द्या, सहा महिनं. मार्चातच कागद झाला त्याचा."

मार्चात. आणि विदादी तिच्या चुलीपुढे जेवून गेला तो एप्रिलमध्ये. लास्मिनी उभी होती ती अंगणातल्या दगडावर बसली.

"पोरीला दोन वाजता सुटी झाली की वर धाडा," म्हातारा म्हणाला. "मला कोनी इचारलं तर बगून घीन."

विगाती चार दिवस माळ्यावर गेली. तिसऱ्या दिवशी तुगिमिनने लास्मिनीलाही मागच्या जिन्याने वर बोलावलं. लांब खण, खालून पंख्यांची घरघर, आणि कापल्या गवताचा वास. म्हाताऱ्याने विगातीच्या हातात पानं दिली. "दाब. आता मूठ सोड."

पानं लगेच उसळून सुटी झाली.

"कच्ची," विगाती म्हणाली.

"किती येळ लागंल?"

तिने वाकून वास घेतला. "चार तास?"

"म्हन चार. पंखा तुझ्या हातात. मी खाली चा प्यायला चाललो." आणि म्हातारा खरंच निघून गेला. आई जिन्याच्या तोंडाशी बसली आणि विगाती एकटी खणापाशी राहिली, दर थोड्या वेळाने मूठ दाबत, वहीत काहीतरी लिहीत. साडेपाचला गोळा हळूहळू उमलायला लागला आणि वास पिकल्या पेरूसारखा झाला. ती आईकडे बघून हसली. सहा महिन्यांत लास्मिनीने तिला असं हसताना पाहिलं ते तेवढंच.

पाचव्या दिवशी हार्सोयोने जिन्याच्या दाराला कुलूप घातलं. वर उभं राहून पोरीचे पाय दुखतात, सकाळी हात मंदावतो, असं तो म्हणाला. मोठ्या साहेबांकडे तुगिमिन दोनदा जाऊन आला. साहेब म्हणाले, शाळेशी झालेल्या कागदात माळा नाही.

लास्मिनी शाळेत गेली. विदादी मास्तर व्हरांड्यात भेटले. हातात किल्ल्यांचा जुडगा होता, तो ते बोटाभोवती फिरवत राहिले.

"बू, माझ्याकडे बारा पोरं. तिघांची सोय झाली असती, नऊ जणांना मी कुठे ठेवणार होतो? जागा नाही तर दाखला नाही. त्यांच्याही आया आहेत."

"मग एप्रिलात खोटं का बोललास?"

"पुढे काही जमेल असं वाटलं होतं."

"आणि आमाला घरी बसवनार, हे बी ठावं हुतं?"

किल्ल्या थांबल्या. "काही बायकांना सुटी द्यावी लागेल, असं म्हणाले होते हार्सोयो. त्यात तुमचं नाव असेल असं नव्हतं वाटलं."

"म्हंजी सिनेमचं असतं तर चाललं असतं?"

किल्ल्या पुन्हा फिरायला लागल्या. लास्मिनीला त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण एवढं होऊनही तिने निघताना वाकून "येते, पाक गुरू" म्हटलंच. जन्मभराची सवय जात नाही.

डिसेंबरात पाऊस चांगला लागला आणि उमेदवारी संपली. शेवटच्या दिवशी कारखान्याच्या दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या, पालकांना बोलावलं. जिल्ह्याच्या शिक्षण कचेरीतून एक बाई आल्या होत्या, चष्मा लावलेल्या, बोलायला मवाळ. फलक पुन्हा लागला होता. मेजावर बारा वह्या. बाईंनी तीन-चार चाळल्या आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"सगळ्यांचं लिहिणं सारखंच दिसतंय," त्या म्हणाल्या. "पहिले दोन महिने माळा, मग यंत्रं. शब्दसुद्धा तेच." मग त्यांनी विगातीची वही उचलली. "विगाती कोण? उभी राहा. तू खरंच माळ्यावर काम केलंस?"

लास्मिनी खुर्चीवर पुढे सरकली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा कुणीतरी नेमकं विचारलं होतं. ही बाई ऐकायला तयार होती. विगाती एक खरं वाक्य बोलली असती तर पुढच्या पोरांना तरी तो जिना उघडला असता.

विगातीने विदादी मास्तरांकडे पाहिलं, मग हार्सोयोकडे. दाखल्यावरची सही अजून व्हायची होती.

"हो, बू," ती म्हणाली. "सगळं शिकले." आणि पान कधी मलूल होतं ते तिने सांगून दाखवलं, मूठ, वास, सगळं. बाकी अकरा जणांना ते सांगता आलं नसतं.

बाईंची आठी गेली. "छान. कुणी शिकवलं?"

"पाक हार्सोयोंनी."

"आणि निवडणी?"

लास्मिनी तिसऱ्या रांगेत बसली होती, मध्ये कुणी नव्हतं.

"तीही पाक हार्सोयोंनीच."

टाळ्या झाल्या. पालकांना विचारलं तेव्हा प्रत्येकाने हात जोडून आभार मानले. लास्मिनीची पाळी आली. मान आपोआप लवली आणि तिनेही आभार मानले. आता वेगळं बोलणं म्हणजे चारचौघांत पोरीला खोटं पाडणं होतं.

निघताना हार्सोयो दाराशी आला. "पाऊस लागलाय. मला निवडणीला कायमचा एक हात हवा. मेमध्ये शाळा संपली की विगाती, सरळ इथे ये. एका घरातून एकच घेतो मी. बू लास, तुम्ही आता आराम करा."

बाहेर बारीक पाऊस होता. एकाच छत्रीखाली मायलेकी चढ चढू लागल्या. पहिलं वळण आलं.

"तुझं नाव घेतलं असतं तर त्याने सही केली नसती," विगाती म्हणाली.

"ठावं हाय."

पुढच्या वळणावर पोरीचे पाय रेंगाळले. "आई, मला आधीपासून माहीत होतं. मेमध्ये मास्तरांनी वर्गात कागद वाचून दाखवला होता. सहा महिने निवडणीच. म्हणाले, घरी सांगू नका, एकाने नाव काढून घेतलं तर बाराही जणांचं जाईल."

लास्मिनी थांबली. मोटारसायकलमागे धावलेली ती, कचेरीच्या दारात तासभर उभी राहिलेली ती, कप धुतलेली ती, सगळं एकदम तिच्यापुढे आलं. प्रत्येक वेळी घरी येऊन तिने ते या पोरीला सांगितलं होतं आणि पोर समोर बसून ऐकत होती.

"मी तीनदा गेले त्याच्याकडं."

"तू मला काढून घेतलं असतंस."

"व्हय. घेतलं असतं."

"म्हणून." विगाती रडायला लागली. "तुला घरी बसवतील हे नव्हतं माहीत. शपथ आई, एवढं नव्हतं माहीत. मी नाही जाणार त्या मेजावर. तू नाही म्हण, मी आत्ता मागे जाऊन सांगून येते."

सतरा वर्षं लास्मिनी हेच ऐकायला जगली होती. पोर त्या मेजावर नाही बसायची. एक शब्द बोलायचा होता, तोही पाठ होता. पण विदादी परका होता, हार्सोयो परका होता, ही आपली होती, आणि घाव तिथेच खोल गेला होता. तिला स्वतःच्याच रागाची भीती वाटली, तरी तो आवरला नाही.

"जा की त्या मेजावर," ती म्हणाली. "हात चांगला बसलाय तुझा. पाक हार्सोयोंनी शिकवलंय न्हवं."

तिने छत्री पोरीच्या हातात दिली आणि भिजत पुढे चालू लागली.